तांब्याची पेटी आणि ताटातला मोदक

1896 साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, मिडलटाउन नावाच्या गावी, वेस्लियन विद्यापीठातल्या एका तळघरात एक माणूस तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या पेटीत शिरला आणि त्याच्यामागे दार हवाबंद झालं. पेटी म्हणजे एक खोलीच होती. रुंदी जेमतेम चार फूट. आत घडीची खाट, खुर्ची, टेबल आणि बाहेर बघायला एक काच. या पेटीत माणसं दिवसेंदिवस राहायची. जेवण दोन झाकणांच्या एका झरोक्यातून आत सरकवलं जाई. आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा, दोन्ही तपासली जात. पेटीतल्या नळ्यांमधून गार पाणी खेळवलेलं असे आणि ते किती तापून बाहेर पडलं यावरून आतल्या माणसाने किती उष्णता टाकली हे कळे. ताटात उरलेलं अन्न, मल, मूत्र, सगळ्याचं वजन आणि पृथक्करण होई. पुढच्या प्रयोगांत काही जणांना आत सायकलही मारायला लावली.

या सगळ्या खटाटोपामागे होते विल्बर ॲटवॉटर नावाचे रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ सहकारी एडवर्ड रोझा. त्यांना पडलेला प्रश्न आजही अंगावर काटा आणण्याइतका मोठा वाटतो. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त रूप बदलते, हा नियम वाफेच्या इंजिनाला लागू होतो हे तोवर माहीत होतं. तो जेवणाऱ्या, झोपणाऱ्या, विचार करणाऱ्या जिवंत माणसालाही लागू होतो का? लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी 1782-83च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून, श्वास म्हणजे मंद ज्वलनच, असं सांगितलं होतं. जर्मनीत माक्स रुबनर यांनी कुत्र्यावर हाच हिशेब बसवून दाखवला होता. माणसाचा राहिला होता. ॲटवॉटरांच्या पेटीने तो बसवला. खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा आणि शरीराने बाहेर टाकलेली ऊर्जा यांत एक टक्क्याचासुद्धा फरक निघाला नाही.

माणूस प्रेमात पडतो, रागावतो, गणितं सोडवतो, आणि तरीही त्याच्या भाकरीतली एकही कॅलरी हिशेबाबाहेर जात नाही. हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

या कामातून तीन आकडे जगाला मिळाले: 4, 9, 4. एक ग्रॅम कर्बोदकातून शरीराला साधारण 4 कॅलरी मिळतात, एक ग्रॅम स्निग्धांशातून म्हणजे तेल-तुपातून 9, आणि एक ग्रॅम प्रथिनातून 4. (एक कॅलरी म्हणजे एक लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवणारी उष्णता. शास्त्रीय भाषेत ही किलोकॅलरी, पण पाकिटावर आणि बोलण्यात आपण कॅलरीच म्हणतो.) प्रथिनाची गोष्ट जास्त गमतीची आहे. प्रयोगशाळेत ते पूर्ण जाळलं तर ग्रॅममागे साडेपाचच्या वर कॅलरी मिळतात. शरीर मात्र ते पूर्ण जाळू शकत नाही. त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो आणि त्याच्यासोबत थोडी ऊर्जाही जाते. ॲटवॉटरांनी ही गळती, शिवाय न पचलेल्या अन्नाची गळती, वजा करून मग आकडे ठरवले. आज बिस्किटाच्या पुड्याच्या पाठीवर जो तक्ता छापलेला असतो, त्याच्या मुळाशी हेच काम आहे.

कर्बोदकं, प्रथिनं आणि स्निग्धांश यांना मिळून आता जिममधली मुलं सुटसुटीतपणे 'मॅक्रो' म्हणतात. आणि यांच्याच हिशेबावर आहाराची एक पद्धत उभी राहिली आहे, तिला फ्लेक्सिबल डाएट म्हणतात. लवचीक आहार म्हणूया. तिचा उगम शरीरसौष्ठवाच्या जगातला. तिथे स्पर्धेच्या तयारीत महिनोन्‌महिने उकडलेली कोंबडी, भात आणि ब्रोकोली एवढंच खायचं अशी रीत होती. काहींनी विचारलं: दिवसाचं प्रथिन, स्निग्धांश आणि कर्बोदक ठरलेल्या आकड्यांत बसत असेल, तर ते कुठल्या पदार्थातून आलं याने काय बिघडतं? बहुतेक जेवण साधं, घरचं, भाज्या-डाळींचं ठेवून थोडी जागा आवडीच्या पदार्थाला दिली तर? या 'तर'चं उत्तर शोधताना शरीर, मन आणि चक्क एक माकडीण अशा तिन्ही ठिकाणी जावं लागतं. पण आधी मोदक.

एक मध्यम उकडीचा मोदक घ्या. पारीला अंदाजे 15 ग्रॅम तांदळाची पिठी, सारणात 15 ग्रॅम ओलं खोबरं आणि 10 ग्रॅम गूळ. प्रत्येक घरचा हात वेगळा, पण हा अंदाज वावगा नाही. यातून येतात साधारण 23 ग्रॅम कर्बोदकं, 5 ग्रॅम स्निग्धांश आणि जेमतेम दीड ग्रॅम प्रथिन. 4-9-4 लावलं की 143 कॅलरी. एवढ्या उष्णतेने खोलीच्या तापमानाचं जवळजवळ दोन लिटर पाणी उकळीला येईल. दोन घासांत संपणाऱ्या, नाजूक कळ्यांच्या त्या पदार्थात एवढी आग भरलेली आहे.

आता नीट बघा, कुठून काय आलं. गोडाचा दोष आपण डोळे मिटून गुळाच्या माथी मारतो. पण या मोदकातल्या गुळाच्या कॅलरी 38 आहेत आणि खोबऱ्याच्या 53. वरून चमचाभर साजूक तूप सोडलं की आणखी 45. म्हणजे गुळापेक्षा खोबरं आणि तूप मिळून अडीचपट जास्त. तूप सोडू नये असं मी अजिबात म्हणत नाही, तुपाशिवाय मोदक कोरडाच. पण हिशेब मांडला की पदार्थाचा खरा चेहरा दिसतो आणि काय कमी करायचं, काय ठेवायचं हे आपल्या हातात येतं.

पुरणपोळीचा चेहरा तर याहून चकित करणारा. एका पोळीत 25 ग्रॅम हरभरा डाळ आणि 25 ग्रॅम कणीक धरली तर साधारण 8 ग्रॅम प्रथिन निघतं. एका अंड्यात 6 असतं. अर्थात त्यासोबत तेवढाच गूळ आणि तूप धरून तीनशेच्या वर कॅलरीही येतात, त्यामुळे पुरणपोळीला प्रोटीन बार म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. पण डाळ आणि गहू एकत्र आले की एकात कमी असलेली अमिनो आम्लं दुसरं भरून काढतं. लायसिन गव्हात कमी, डाळीत भरपूर. गोड म्हणून ज्याला बाजूला सारलं जातं, त्या पदार्थाच्या पोटात हे चालू असतं.

आता एक दिवस बसवून बघू. समजा साठ किलो वजनाची, ऑफिसात बसून काम करणारी, आठवड्यातून तीन-चार वेळा व्यायाम करणारी एक स्त्री आहे आणि तिने दिवसाला 1800 कॅलरी ठरवल्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था निरोगी प्रौढाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिन सांगतात, म्हणजे तिला 50 ग्रॅम. व्यायाम करणारे आणि वजन उतरवणारे यापेक्षा जास्त घेतात, म्हणून 75 धरू. स्निग्धांश 55 ग्रॅम. उरलेल्या कॅलरी कर्बोदकांना, सुमारे 250 ग्रॅम. गणपतीच्या दिवशी तिने तुपासह दोन मोदक खाल्ले. 46 ग्रॅम कर्बोदकं गेली, 20 ग्रॅम स्निग्धांश गेला, प्रथिन मिळालं फक्त 3. म्हणजे त्या दिवशी भात एक वाढप कमी, भाजी-आमटीला तेल बेताचं, तळण नको, आणि प्रथिनाकडे मात्र मुद्दाम लक्ष: सकाळी मोड आलेल्या मुगाची उसळ, जेवणात घट्ट वरण आणि दही, रात्री पनीर किंवा अंडी. दोन मोदक मावले, आणि तिला कुणाच्या नकळत खावे लागले नाहीत.

इथे प्रथिनाचा आकडा सगळ्यांत आधी ठरवतात, याला कारण आहे. कर्बोदकं आणि तेल आपल्या ताटात न बोलावता येतात. प्रथिन आणावं लागतं. पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ किती असते हे एकदा शिजवण्याआधी तोलून बघा. 30 ग्रॅम तूरडाळ म्हणजे साडेसहा ग्रॅम प्रथिन, आणि पळीभर वरणात तेवढीही डाळ नसते. साबुदाण्यात तर जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. उपासाच्या खिचडीत जे काही प्रथिन आहे ते दाण्याच्या कुटातून येतं. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. स्निग्धांश भरपूर, पिष्ट भरपूर, प्रथिन थोडं, असं ताट पोट भरूनही भूक शमवत नाही, आणि यामागे काय चालू असावं ते आता सांगतो.

डोकं नाही, तोंड नाही, एकही चेतापेशी नाही, असा एक जीव आहे. पिवळसर, चिकट, ओल्या लाकडावर पसरणारा, एकाच अवाढव्य पेशीचा बनलेला. इंग्रजीत त्याला स्लाइम मोल्ड म्हणतात. ओड्री द्युसुतूर आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच्यासमोर अकरा प्रकारचं खाद्य घड्याळाच्या आकड्यांसारखं गोलाकार मांडलं, प्रत्येकात प्रथिन आणि कर्बोदक यांचं प्रमाण वेगळं. हा बिनमेंदूचा जीव पसरला तो नेमका असा, की त्याच्या पोटात प्रथिन आणि कर्बोदक दोनास एक या प्रमाणात जावं. याच प्रमाणावर तो सगळ्यांत चांगला वाढतो. दुसऱ्या प्रयोगात त्याला दोनच खाद्यं दिली आणि दोन्ही एकांगी होती. त्याने दोन्हींकडे पाय पसरले आणि मिश्रण जुळवून आणलं.

आणि ती माकडीण. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या परिसरात एका बबून मादीचं सलग तीस दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, निरीक्षण झालं. तिने काय आणि किती खाल्लं ते सगळं नोंदलं, त्या अन्नाचे नमुने तपासले. डोंगरावरच्या पाना-फळांपासून माणसांच्या वस्तीतल्या अन्नापर्यंत तिचा आहार रोज बदलत होता. एका दिवसाचं ताट दुसऱ्या दिवसाशी जुळत नव्हतं. पण दिवसाअखेर आकडे मांडले की प्रथिनाच्या एका भागाला कर्बोदक-स्निग्धांशाचे पाच भाग, हे प्रमाण पुन्हा पुन्हा तेच. कोणत्या पदार्थातून काय आलं याची पर्वा नाही, बेरीज मात्र जमलेली. लवचीक आहाराचं याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही, आणि तिला कुणी तक्ता दिला नव्हता.

स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड राउबेनहायमर यांनी टोळांवर वर्षानुवर्षं काम करून एक सिद्धान्त मांडला: अनेक प्राण्यांत प्रथिनाची भूक सगळ्यांत हट्टी असते. अन्नात प्रथिन विरळ असेल तर ते पुरेसं मिळेपर्यंत प्राणी खात राहतो आणि ओघात बाकीच्या कॅलरी जास्त जातात. माणसालाही हे लागू असावं असं त्यांचं म्हणणं आहे आणि त्याच्या बाजूने बराच पुरावा आहे, तरी सगळा स्थूलपणा एवढ्याने उलगडत नाही. पण खिचडीनंतर दोन तासांत पुन्हा डबे उघडायला लावणारी ती चुळबुळ मला आता वेगळी दिसते. तो जिभेचा लोभ म्हणून मी झिडकारत नाही. शरीर काहीतरी मागत असतं.

मग आपण हे सगळं त्या बबूनसारखं आपोआप का करत नाही? कारण आपल्याभोवती तिच्यापेक्षा फार जास्त आणि फार चतुर अन्न आहे. आणि दुसरं कारण आपल्या डोक्यात आहे.

1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना आईस्क्रीमची चव पारखायला बोलावलं. त्याआधी काहींना मिल्कशेक प्यायला दिलं, काहींना दिलं नाही. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आईस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं, साहजिकच. पण ज्या कायम डाएटवर असायच्या, त्यांनी उलट केलं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी आईस्क्रीम जास्त खाल्लं. एकदा नियम मोडला ना, मग आता कशाला थांबायचं! शरीराला मिळालेल्या कॅलरी त्याच होत्या. बंद दारामुळे घात झाला.

हे आपल्या घरांत रोज घडतं. सोमवारपासून गोड बंद. गुरुवारी ऑफिसात कुणाच्या बढतीचा पेढा. पेढा खाल्ला, आता आठवडा गेलाच, मग संध्याकाळी वडापाव, रात्री आईस्क्रीम, आणि पुन्हा सोमवार. पेढ्यामुळे शंभरेक कॅलरी आल्या असतील. बाकीच्या हजार 'आता गेलाच' या दोन शब्दांनी आणल्या.

जर्मन मानसशास्त्रज्ञ योआखिम वेस्टेनहोफर यांनी 1991 साली वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातल्या पन्नास हजारांहून जास्त लोकांच्या उत्तरांवरून खाण्यावरच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे काढले. एक ताठर: हे चालतं, ते अजिबात नाही. दुसरा लवचीक: जास्त झालं तर पुढच्या जेवणात सांभाळून घेऊ. ताठर नियंत्रणवाल्यांत ताबा सुटण्याचं प्रमाण जास्त आढळलं, लवचीकवाल्यांत कमी. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही. पण मिल्कशेकचा प्रयोग शेजारी ठेवला की चित्र बरंच स्पष्ट होतं. मोदकाला आधीच जागा ठेवलेली असेल तर तो खाल्ल्याने काहीच मोडत नाही. म्हणून आवडीचा पदार्थ ही या पद्धतीतली सवलत आहे असं मला वाटत नाही. सगळा डोलारा त्याच्याच आधाराने टिकतो.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहून हाय खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. काटा किलो-दीड किलो वर गेलेला दिसतो. ती चरबी नसते. शरीर कर्बोदकं यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं, सगळं मिळून साधारण अर्धा किलो मावतं, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. वर मिठाचं पाणी वेगळं. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा जवळजवळ 7700 कॅलरी जास्त जाव्या लागतात. आपल्या मोदकाच्या हिशेबात, दिवसाचं नेहमीचं जेवण पूर्ण करून वर पन्नासहून जास्त मोदक! दोन-तीन दिवस नेहमीसारखं खाल्लं की पाणी आपोआप उतरतं. घाबरून तिसऱ्या दिवशी उपाशी राहणाऱ्याला मात्र चौथ्या दिवशी पुन्हा मिल्कशेकवाल्या मुली भेटतात.

आणि खरोखर चरबी उतरते तेव्हा ती जाते कुठे? घामातून, असं बहुतेक जण सांगतात. 2014 साली रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी अणूंचा हिशेब मांडून दाखवला: दहा किलो चरबी जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून बाहेर पडते, उरलेली 1.6 किलो पाणी होऊन. म्हणजे आपण बारीक होतो ते श्वासातून. ॲटवॉटर पेटीतून बाहेर येणाऱ्या हवेत मोजत होते ते हेच.

आकड्यांवर माझा एवढा जीव असला तरी त्यांच्या उणिवा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बदामाला 4-9-4 लावलं तर मूठभर, 28 ग्रॅम बदामांत 170च्या आसपास कॅलरी निघतात. 2012 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी माणसांना बदाम खाऊ घालून, काय पचलं आणि काय बाहेर गेलं ते मोजलं, तर मिळाल्या होत्या फक्त 129. बदामाच्या पेशींच्या भिंती तेल आतच कोंडून ठेवतात आणि ते तसंच पोटातून निघून जातं. शेंगदाण्याचंही तसंच. अख्खे दाणे खाल्ले तर त्यातला बराच स्निग्धांश न पचता जातो, बारीक वाटून खाल्ले तर पुष्कळ जास्त पचतो. तेच दाणे, पण कूट केलं की शरीराला मिळणारी ऊर्जा वाढली. पाटा-वरवंट्याने आणि मिक्सरने आपण पचनाचा थोडा भाग पोटाबाहेरच उरकून घेतो! शिवाय पचवायलाही ऊर्जा लागते आणि तीही सारखी नाही. प्रथिनातल्या ऊर्जेपैकी वीस ते तीस टक्के त्याच्या पचनावर आणि पुढच्या प्रक्रियेवरच खर्ची पडतात, तेल-तुपात हे प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत.

याहून मोठी उणीव 2019 साली केविन हॉल यांच्या प्रयोगात समोर आली. वीस माणसं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत महिनाभर राहिली. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं. ताटात वाढलेल्या कॅलरी, मॅक्रो, साखर, मीठ, चोथा दोन्हीकडे जुळवलेले. हवं तेवढं खा, अशी मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसांनी दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ किलोभर वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. तेव्हा 'मॅक्रो बसतात ना, मग बिस्किटं आणि प्रोटीन पावडरवर दिवस काढू' हा युक्तिवाद टिकत नाही. मॅक्रोच्या तक्त्यात लोह दिसत नाही, चोथा दिसत नाही, पालेभाजीतलं फोलेट दिसत नाही. दिवसाचा मोठा भाग ओळखू येणाऱ्या अन्नाचा असला तरच उरलेल्या जागेत मोदक शोभतो.

काही जणांनी या वाटेला एकट्याने जाऊच नये. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणारे, मूत्रपिंडाचा विकार असणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याशी बोलून आकडे ठरवावेत. वाढत्या मुलांच्या ताटाशेजारी वजनकाटा ठेवू नये. आणि ज्यांना पूर्वी खाण्याच्या विकारातून जावं लागलं आहे, त्यांच्यासाठी आकडे हाच फास होऊ शकतो. त्यांनी मोजू नये, हे मी कळकळीने सांगतो.

बाकीच्यांनीही जन्मभर मोजत बसायचं नसतं. स्वयंपाकघरातला छोटा काटा दोन-तीन आठवडे वापरला तरी नजर तयार होते. मुख्य म्हणजे तेल मोजा. कढईत 'जरासं' सोडलेलं तेल तीन मोठे चमचे निघतं, म्हणजे साडेतीनशे कॅलरी, आणि ते ताटात कुठेच दिसत नाही. आपल्या पदार्थांचे आकडे परदेशी ॲपमध्ये शोधत बसण्याची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली देशभरातून नमुने गोळा करून 528 भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. ज्वारी, नाचणी, मटकी, कुळीथ, बांगडा, सगळं त्यात आहे. या कामाची परंपरा 1918 साली कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी सुरू केलेल्या छोट्या बेरीबेरी संशोधन केंद्रापर्यंत मागे जाते.

आणि मॅक्रोचं अमुकच प्रमाण हवं का? 2009 साली फ्रँक सॅक्स आणि सहकाऱ्यांनी 811 जणांना चार वेगवेगळे आहार दिले. कर्बोदकं कुठे 35 टक्के, कुठे 65. स्निग्धांश 20 किंवा 40, प्रथिन 15 किंवा 25. दोन वर्षांनी चारही गटांत वजन सारखंच उतरलेलं होतं, सरासरी चार किलोंच्या आसपास. फरक दिसला तो वेगळ्याच गोष्टीत: जे सल्ल्याच्या बैठकांना जास्त वेळा येत राहिले, त्यांचं जास्त उतरलं. भाकरी आणि भात खाणाऱ्यांना या निकालात मोठा दिलासा आहे. 65 टक्के कर्बोदकांवरही कॅलरी कमी केल्या की वजन उतरतं. ताट परकं करायची गरज नाही, त्यात डाळ-उसळ वाढवायची आहे आणि तेलावर नजर ठेवायची आहे.

शिवाय आपल्या पंचांगात गोडाचे दिवस आधीच लिहिलेले आहेत. संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी, पाडव्याचं श्रीखंड, भाद्रपदातले मोदक, कोजागिरीचं मसाला दूध, दिवाळीचा फराळ. तारखा ठाऊक असतात, म्हणजे जागा आधीच राखून ठेवता येते. येत्या पाडव्याला चक्का घरी बांधणार असाल तर एक करून बघा: चक्क्याइतकीच साखर घालण्याऐवजी निम्मी घाला, वेलची-केशर नेहमीपेक्षा हात सैल सोडून. चक्क्यात प्रथिन भरपूर असतं, वाटीमागे साखरेच्या साठ-सत्तर कॅलरी सहज वाचतात, आणि त्यातून शेजारी एक पुरी मावते.